पाच ग्रॅमची नोकरी

पहाटे साडेपाचला माझा पहिला गजर होतो. तो उठण्यासाठी नाही. उशाशी डबी आणि पाणी असतं. अंधारातच एक पांढरी गोळी चाचपडून काढायची, गिळायची आणि परत आडवं व्हायचं. खरा गजर अर्ध्या तासाने. तेवढ्या वेळात १० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन रक्तात उतरायला लागतं आणि मी माणसात येते. गोळी न घेता उठून बघितलंय. दात घासताना बेसिनला धरून उभं राहावं लागतं.

तुमच्या अंगात हे काम तुम्ही गाढ झोपेत असताना होतं. रात्रीच्या उत्तरार्धात कॉर्टिसॉल, म्हणजे माझ्या गोळीतलंच संप्रेरक, चढायला लागतं, जाग येण्याच्या सुमारास सगळ्यात वर असतं, मग दिवसभर ओसरत जातं आणि मध्यरात्री तळाला टेकतं. ही भरती-ओहोटी सांभाळणाऱ्या दोन ग्रंथी दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या असतात. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, त्याच्यावरची ती अधिवृक्क. दवाखान्यात सगळे अ‍ॅड्रिनलच म्हणतात, मीही तेच म्हणते. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. माझ्या दोन्ही बंद पडल्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची नोकरी मी करते. सुट्टी नाही, बदली माणूस नाही.

दुखणं नेमकं कधी सुरू झालं हे मला सांगता येत नाही, आणि त्यात माझा दोष नाही हे नंतर कळलं. या ग्रंथींचं बाहेरचं आवरण जवळपास ९० टक्के खलास होईपर्यंत शरीर कसंबसं भागवून नेतं. शिल्लक इतकी मोठी असते की उधळपट्टी चालली आहे हे लक्षातच येत नाही. मी हिशेबनीस आहे, दिवसभर दुसऱ्यांची खाती तपासते. स्वतःच्या खात्यात खडखडाट होईपर्यंत मला पत्ता नव्हता.

आठ महिन्यांत वजन ५८ वरून ४९ वर आलं. सकाळी मळमळ. कचेरीचा एक जिना चढला की मधल्या वळणावर मोबाइल बघत असल्याचं नाटक करत थांबायचं. पहिले डॉक्टर म्हणाले, कामाचा ताण. व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी पोटाचे फोटो काढले आणि मग जरा अडखळत विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? घरी सगळं ठीक होतं. मीच ठीक नव्हते.

दरम्यान माझा रंग बदलत होता. कचेरीतले लोक विचारायचे, उन्हात फार फिरतेस का हल्ली? मी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ट्यूबलाइटखाली बसणारी बाई. बोटांच्या पेरांवर काळपट झाक आली. तळहाताच्या रेषा पेनाने गिरवल्यासारख्या उठून दिसायला लागल्या. शिक्क्याच्या पॅडची शाई असेल म्हणून मी एका रविवारी नखांच्या ब्रशने तळहात घासत बसले. कातडी लाल झाली, रेषा तशाच. लहानपणी सायकलवरून पडून गुडघ्याला झालेली खूण तीस वर्षांनी आदल्या आठवड्यात पडल्यासारखी काळी दिसत होती.

आणि मीठ. टेबलाच्या खणात स्टेपलरच्या पिनांशेजारी मी मिठाची पुडी ठेवायला लागले. कुणी बघत नाही असं पाहून चिमूटभर जिभेवर ठेवायची. चोरी पकडली जाईल अशी भीती वाटायची, पण सोडवत नव्हतं.

तिसऱ्या डॉक्टरांनी फायली बाजूला सारल्या आणि म्हणाले, हात दाखवा. मी नाडीसाठी मनगट पुढे केलं. "तसा नाही, उलटा करा." त्यांनी माझ्या तळहाताशेजारी स्वतःचा तळहात धरला आणि थोडा वेळ दोन्हीकडे बघत राहिले. मग ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. तिथे निळसर-काळे ठिपके होते, मला ते माहीतच नव्हते. आडवं झोपवून रक्तदाब घेतला, वरचा आकडा ९४. उभं केलं, ७०, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी. खुर्चीत बसवून त्यांनी सहज विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का हो?"

मी चरकले. पुडीचं मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

रक्ताचे आकडे दुसऱ्या दिवशी आले. सोडियम १२२, खरं तर ते १३५ च्या वर हवं. पोटॅशियम ५.८, म्हणजे जास्त. सकाळचं कॉर्टिसॉल १.६, जिथे दोन आकडी संख्या दिसायला हवी होती. आणि एसीटीएच नावाच्या रकान्यात आकडाच नव्हता, "१२५० पेक्षा अधिक" असं लिहिलं होतं. यंत्राला त्यापुढे मोजता येत नव्हतं. खात्री करायला मग एक चाचणी झाली. कृत्रिम एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं आणि अर्ध्या तासाने, एक तासाने कॉर्टिसॉल वर चढतं का ते बघायचं. धडक्या ग्रंथी त्या धक्क्याने खडबडून जाग्या होतात. माझं १.६ होतं, ते १.७ झालं, मग परत १.६. नाव सांगितलं, अ‍ॅडिसन्स डिसीज.

काळवंडण्याचं कोडं डॉक्टरांनी तेव्हाच उलगडून दाखवलं आणि मला ते फार आवडलं. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला हाक मारते. एसीटीएच म्हणजे ती हाक. उत्तर आलं की हाक थांबते. माझ्याकडून उत्तर येईना, म्हणून पिट्युटरी नुसती बोंबलत सुटली होती. आता हे एसीटीएच एका लांबलचक प्रथिनाचे तुकडे पाडून बनतं, आणि त्याच प्रथिनातून त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना चेतवणारं संप्रेरकही निघतं. दोघांची घडण इतकी सारखी की एसीटीएचचा पूर आला की रंगाच्या पेशींनाही ती हाक आपल्यालाच आहे असं वाटतं. जिथे घर्षण होतं, जिथे खूण असते, तिथे त्या जास्त कामाला लागतात. म्हणून पेरं, रेषा, गुडघा. बिघाड पिट्युटरीतच असेल तर कॉर्टिसॉल कमी असूनही माणूस काळवंडत नाही, कारण हाकच जात नाही.

सीटी स्कॅनवर माझ्या ग्रंथी शोधायला डॉक्टरांना पडदा बराच मोठा करावा लागला. उजवी त्रिकोणी, टोपीसारखी. डावी चंद्रकोरीसारखी, जरा लांबट. माझ्या दोन्ही सुकून बारीक झालेल्या. माझ्याच प्रतिकारशक्तीने त्यांना परकं समजून खाल्लं होतं. क्षयरोगही हे करतो, तेव्हा बऱ्याचदा त्या आधी सुजून मोठ्या होतात आणि पुढे त्यांच्यात चुन्याचे ठिपके दिसतात. माझ्यात तसं काही नव्हतं.

एवढ्याशा अवयवाला रक्त मात्र सरदारासारखं मिळतं. तिन्हीकडून रोहिण्या येतात. एक छाती-पोटामधल्या पडद्याच्या रोहिणीची फांदी, एक थेट महारोहिणीतून, एक मूत्रपिंडाच्या रोहिणीतून. परतीची मुख्य वाट मात्र दोन्ही बाजूंना एकेकच. डावीकडची नीला मूत्रपिंडाच्या नीलेला मिळते. उजवीकडची अगदी आखूड, सरळ महानीलेत घुसते, म्हणून उजवी ग्रंथी काढताना शल्यविशारद श्वास रोखून असतात.

ग्रंथी आडवी कापली तर आत दोन वेगळीच माणसं एका खोलीत राहतात असं दिसेल. बाहेरचं पिवळट आवरण, ते बाह्यक. आतला तांबूस-तपकिरी गाभा, तो मध्यक. गर्भात दोघांचा उगमही वेगळा. बाह्यक मध्यस्तरातून येतं, मध्यक चेतासंस्थेच्या पेशींतून, म्हणजे एका अर्थी तो मज्जातंतूंचाच भाऊबंद. लोकांना अ‍ॅड्रिनल म्हटलं की अ‍ॅड्रिनलिन आठवतं, आणि ते बनतं या गाभ्यात. "मग तुला आता भीती वाटत नाही का?" हे मला किमान चार जणांनी विचारलंय. वाटते, चांगली छाती धडधडते. माझ्या आजारात हल्ला बाह्यकावर असतो, गाभा सहसा वाचतो. गंमत अशी की तोही मग पूर्ण जोमात नसतो. कारण बाह्यकातून कॉर्टिसॉलने भरलेलं रक्त गाभ्यात झिरपतं आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचं अ‍ॅड्रिनलिन करणारं विकर त्यावरच पोसलं जातं. तरी नाव मोठं झालं त्याचं. अ‍ॅड्रिनलिनवाचून माणूस जगू शकतो, कॉर्टिसॉलवाचून नाही, पण नायकाचा मान काही कॉर्टिसॉलला मिळाला नाही.

बाह्यकाचे तीन थर आहेत. मी ते पाठ केले नाहीत, एकेक गमावून शिकले. सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन. ते मूत्रपिंडाला सांगतं, सोडियम धरून ठेव, पोटॅशियम सोड. ते गेलं की मीठ लघवीवाटे वाहून जातं, पाठोपाठ पाणी जातं, रक्तदाब पडतो आणि टेबलाच्या खणात पुडी येते. त्याच्या बदल्यात मी रोज फ्लुड्रोकॉर्टिसोन घेते, फक्त ०.१ मिलिग्रॅम. ती गोळी सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत मला पुडीची आठवण येईनाशी झाली. इतकी लाजिरवाणी ओढ एका चिमुकल्या गोळीने विरून जावी याचा मला थोडा रागच आला.

मधला थर सगळ्यात जाड, तिथे कॉर्टिसॉल. रक्तातली साखर उपाशीपोटी टिकवणं, रक्तवाहिन्या ताठ ठेवणं, दाह आवरता ठेवणं, ही सगळी त्याची कामं. आतल्या तिसऱ्या थरात पुरुषी संप्रेरकांचा कच्चा माल. पुरुषांना त्याचं काही विशेष नाही, त्यांचा मोठा कारखाना दुसरीकडे असतो. बायकांच्या अंगातला मात्र त्यातला बराचसा भाग इथूनच येतो. माझ्या काखेतले केस गेले आणि परत आले नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हे सगळं कळायला जगाला किती वेळ लागला ते वाचून मला माझ्या आठ महिन्यांचं कमी वाईट वाटलं. एउस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात या ग्रंथींचं वर्णन केलं होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या बोर्दोच्या अकादमीने चक्क बक्षीस लावलं, या ग्रंथींचा उपयोग काय ते सांगा. आलेले निबंध तपासायचं काम मोंतेस्क्यू या विचारवंताकडे होतं, आणि १७१८ साली त्याने कुणालाच बक्षीस दिलं नाही. मला हे परीक्षण अतिशय प्रामाणिक वाटतं. पुढे १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसनने ११ रुग्णांची हकिकत छापली. थकवा, क्षीण नाडी, विचित्र काळवंडलेली कातडी, आणि मेल्यावर उघडून पाहिलं तर या ग्रंथी बिघडलेल्या. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार्द या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून दाखवल्या, प्राणी मेले. म्हणजे अवयव फालतू नव्हता. औषध मिळायला मात्र आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली. बाह्यकाच्या संप्रेरकांवरच्या कामासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं, त्याच सुमाराला कॉर्टिसोन रुग्णांच्या हाती यायला लागलं. अमेरिकेच्या जॉन केनेडींनाही हाच आजार होता, निदान १९४७ चं. आजार बराच आधी झाला असता तर ते राष्ट्राध्यक्ष व्हायला बहुधा उरलेच नसते.

अंतःस्रावतज्ज्ञांच्या दवाखान्यात दर सहा महिन्यांनी मी ज्या बाकावर बसते तिथे एकदा माझ्याच वयाची एक बाई भेटली. गोल गरगरीत लालसर चेहरा, मानेमागे मांसाचा उंचवटा, हातपाय मात्र काटकुळे. मनगटावर पट्टी काढल्याच्या जागी मोठा जांभळा डाग. तिची कातडी कागदासारखी झाली होती, चिकटपट्टी काढली तरी सोलायची. "तुमचं काय?" "कॉर्टिसॉल कमी. तुमचं?" "जास्त." दोघी हसलो. तिच्या पिट्युटरीत मटाराएवढी गाठ होती, ती दिवसरात्र एसीटीएच सोडायची आणि ग्रंथी इमानेइतबारे कॉर्टिसॉल ओतत राहायच्या. हा कुशिंग्ज डिसीज. "थोडं मला द्या की," मी म्हटलं. ती म्हणाली, "सगळंच घ्या, मला झोप तरी लागेल." तिची ओहोटीच बंद झाली होती. मध्यरात्रीसुद्धा भरती.

बाकीच्या बिघाडांशी माझी ओळख ऐकीव आहे. अल्डोस्टेरॉन जास्त झालं तर माझ्या बरोबर उलट, रक्तदाब तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही आणि बऱ्याचदा पोटॅशियम खाली येतं. गाभ्यात गाठ झाली तर डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येतात, रक्तदाब छताला लागतो. तिला हात लावण्याआधी काही दिवस औषधांनी रक्तवाहिन्या सैलावून घ्याव्या लागतात, नाहीतर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घात. काही बाळांना जन्मतःच कॉर्टिसॉल बनवणारं एक विकर नसतं. मग कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो आणि मुलीच्या जननेंद्रियाची घडण जन्मतःच वेगळी दिसते. मीठ राखता न येणारी बाळं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दगावू शकतात, म्हणून बऱ्याच देशांत जन्मल्यावर टाचेच्या थेंबभर रक्तावर ही तपासणी करतात. आणि ज्याची समाजमाध्यमांवर चलती आहे ते "अ‍ॅड्रिनल थकणं" हे वैद्यकशास्त्रात निदानच नाही. ग्रंथी ताणाने थकत नाहीत. मला असे संदेश पाठवणाऱ्यांना मी माझा एसीटीएचचा आकडा उलट पाठवते.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की लोक दचकतात. "बंद कर ना हळूहळू," हे मी दर लग्नात ऐकते. माझं स्टेरॉइड हे औषध कमी आणि भरपाई जास्त आहे. बंद केलं तर दोन-तीन दिवसांत संपले. पण यातली खरी धोक्याची गोष्ट ज्यांच्या ग्रंथी चांगल्या आहेत त्यांनाही लागू आहे. दमा, संधिवात अशा कशासाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या ग्रंथी, बाहेरून फुकटचं मिळतंय म्हणून झोपी जातात. गोळी एकदम थांबवली तर त्या उठत नाहीत. हळूहळूच कमी करायची ती यासाठी.

माझ्याकडे एक वही आहे. तारीख, वेळ, मिलिग्रॅम, शेरा. सकाळी १० मिलिग्रॅम, दुपारी ५, चार वाजता ५. रक्तातलं औषध दीड तासात निम्मं होतं, म्हणून तीन हप्ते. संध्याकाळी उशिरा घेतलं तर रात्रभर टक्क जागी. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की दुप्पट. दाढ काढायच्या आधी जादा. वर्षअखेरीच्या हिशेबांसाठी जादा नाही, तो मोह मी डॉक्टरांना विचारून मोडून काढलाय. मोह खराच असतो. एक गोळी जास्त घेतली की काय तरतरी येते! पण ती उधारी हाडांतून वसूल होते. वहीत एका पानावर शेऱ्याच्या रकान्यात फक्त "बाबा" असं लिहिलंय आणि समोर १० जास्त. त्या दिवशी तुमच्या ग्रंथींनी किती सोडलं असतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मला आकडा ठरवावा लागला, स्मशानात जाण्याआधी, बाथरूममध्ये उभं राहून.

एकदा हिशेब चुकला. तिसऱ्या वर्षी, रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. गोळी घेतली, पडली. परत घेतली, परत पडली. नियम सोपा आहे, गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन, मग दवाखाना. मला तो तोंडपाठ होता. पण मी म्हटलं, सकाळपर्यंत बघू. निर्णय घेणारं डोकं त्याच कॉर्टिसॉलवर चालतं हे माझ्या लक्षात राहिलं नाही. ताई शेजारच्या खोलीत झोपली होती. ती म्हणते, मी तिला "व्हाउचर कुठे आहे" असं विचारत होते. तिने हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनची कुपी काढली, दाबली, वरचं पाणी खालच्या भुकटीत उतरलं, हलवलं, आणि मांडीत १०० मिलिग्रॅम टोचलं. कपड्यावरूनच. इस्पितळात एक तरुण डॉक्टर म्हणाले, आधी रिपोर्ट येऊ द्या. ताईने माझ्या पर्समधलं माझ्या डॉक्टरांचं पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. "आधी सलाइन लावा आणि पुढचा डोस द्या. मग हवे तेवढे रिपोर्ट काढा." त्यांनी पत्र वाचलं आणि लावलं. तासाभराने मी उठून बसले आणि भूक लागली म्हणाले.

कुपीवर मुदतीची तारीख असते. मुदत संपली की नवी आणायची आणि जुनी सरावाला वापरायची, हा ताईचा नेम. भांडी घासायचा नवा स्पंज म्हणजे माझी मांडी. परवा तिने तिच्या मुलाला समोर बसवलं. चौदा वर्षांचा आहे, रक्ताचं नाव काढलं तरी पांढरा पडतो.

"मावशी, दुखेल?"

"स्पंजला? नाही."

त्याने टोपण दाबलं, कुपी उलटीसुलटी केली, भुकटी विरघळेपर्यंत दिव्यासमोर धरली. सुई खुपसताना डोळे मिटले. ताईने सांगितलं, उघड, उघडे ठेवून कर. दुसऱ्यांदा उघडे ठेवले. दट्ट्या हळूहळू खाली नेला, स्पंजच्या तळातून थेंब बाहेर आले. मग त्याने नवी कुपी दाराजवळच्या फळीवर ठेवली, हात पुसले, माझी वही ओढली आणि तारखेपुढे लिहिलं: स्पंज, १०० मिग्रॅ.